भिंतीतला हात

ही गोष्ट २०३८ सालची, नवरात्रातली. साल पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी खाडीवरचा जुना पूल पाडला आणि आम्हाला सहा महिने तरीतून कारखान्यात जावं लागलं. तरीत विश्रामदादा माझ्यासाठी पुढची फळी धरून ठेवायचा. आज मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. चष्मा कुठे ठेवला ते सकाळ-संध्याकाळ शोधावं लागतं, पण त्या फळीला कुठे खिळा वर आला होता ते आजही सांगेन.

नीलखाडी ऑरगॅनिक्स या कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी होते. औषधांना लागणारा कच्चा माल तिथे बने. मी लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते, आणि कारखान्यातली पहिली बाई अधिकारी. पहिल्या दिवशी हेल्मेट डोक्याला मोठं होत होतं म्हणून विश्राम निवाते या शिफ्ट-प्रमुखाने आतला पट्टा स्वतः घट्ट करून दिला आणि म्हणाला, "बाय, हितं डोकं सांभाळायचं. आतलं पण आणि वरचं पण." तेव्हापासून सतरा वर्षं मी त्याला भाऊबीजेला ओवाळत होते. चारचौघांत तो मला खातू मॅडम म्हणे, एरवी बाय.

त्या काळी कारखान्यात कुणाला गंभीर इजा झाली की छापील अर्ज भरून चोवीस तासांत सुरक्षा संचालनालयाला कळवायचं, असा नियम होता. अर्ज भरणारी मी. अर्जावर मॅनेजर सोमण साहेब हिरव्या शाईने 'पाहिले' असं लिहून सही करत, आणि मग तो जाई. कधी जाई, कधी जात नसे. अर्ज माणसाच्या हातचा, आणि माणसाला नोकरी असते, साहेब असतो, पोरंबाळं असतात. म्हणूनच २०३५ साली नोंदरंग आला तेव्हा मला केवढा आनंद झाला होता!

नोंदरंग म्हणजे काय ते आजच्या मुलांना सांगायला नको, पण तेव्हा तो नवा होता. दिसायला साधा फिकट राखाडी रंग. त्यात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी कण असत आणि प्रत्येक कणाला एक खाच. कुलपात त्याचीच किल्ली बसावी तसा त्या खाचेत एकाच जातीच्या वायूचा रेणू बसे, आणि बसला की खाच मिटून जाई. काही कण क्लोरीनचे, काही अमोनियाचे, काही फॉस्जीनचे. शिवाय हा रंग जिवंत असल्यासारखा वाढे. हवेतला ओलावा घेऊन रोज त्याच्यावर एक अतिशय पातळ साय धरे आणि कालचा थर खाली बंद होई. झाडाच्या खोडात वर्षाचं एक वर्तुळ असतं, तसा या रंगात दिवसाचा एक थर. विशिष्ट प्रकाश टाकला की कुठल्या दिवशी कुठला वायू किती सुटला, ते भिंत सांगे. छताजवळ बसवलेला यांत्रिक डोळा दर सोमवारी भिंतीचा वरचा पट्टा वाचून अहवाल परस्पर संचालनालयाला पाठवी. मध्ये मी नाही, सोमण साहेब नाहीत, हिरवी शाई नाही.

कामगारांनी त्या भिंतीचं नाव सासूबाई ठेवलं. कुणी मास्क काढून विडी शिलगवायची भाषा केली की दुसरा म्हणे, "हळू रे, सासूबाय बघतेय. सोमवारी म्हायेरी पत्र धाडील."

मला वाटलं, आता कुणालाच धाडस करायची गरज नाही. सरकारलाही तसंच वाटलं असावं. जिल्ह्यात चार निरीक्षक होते, त्यांचा एक केला. भिंती बोलतात, मग माणसं कशाला?

पण भिंतीला एक गोष्ट कळत नसे. वायू सुटला हे ती सांगे. तेव्हा तिथे माणूस होता की नाही, हे नाही. म्हणून अहवालात शेवटी एक रकाना माझ्यासाठी ठेवला होता: 'बाधित व्यक्ती'. तो रिकामा सोडला तर घटना किरकोळ. त्यात एक जरी नाव लिहिलं तर ती गंभीर. मग चौकशी, आणि फाटकावरच्या पाटीवरचा आकडा शून्य.

ती पाटी आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर बसली होती. 'अपघाताविना दिवस'. हजार दिवस पुरे झाले की कंत्राटी चाळीस जणांना कायम करू, असं कंपनीने लिहून दिलं होतं. त्या चाळिसांत विश्रामदादाची मुलगी ऋतुजाही होती, प्रयोगशाळेत. माणसं डबा खाताना तो आकडा देवाचं नाव घेतल्यासारखा घेत. गांधी जयंतीच्या दिवशी तो नऊशे एकोणनव्वद होता.

गांधी जयंतीला कारखाना बंद. सोमवारी, चार ऑक्टोबरला, मी तरीतून उतरले तेव्हा धक्क्यावर दोघे जण बोलत होते. वरच्या वाडीतला रुपेश पाष्टे काल पहाटे घरातच गेला. चाळीसचासुद्धा नव्हता. छाती भरून आली म्हणे.

रुपेशला मी ओळखत होते. ठेकेदाराबरोबर येणारा फिटर. हजेरीपुस्तकात त्याचं नाव कधीच नसे, कारण तो कधीच 'येत' नसे, फक्त काम करून जाई. त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. ते का नव्हतं, हे मला फार चांगलं ठाऊक होतं.

टेबलावरच्या पडद्यावर अहवाल तयार होता. शनिवार, दोन ऑक्टोबर, तीन नंबरचा विभाग, फॉस्जीन, अल्प प्रमाण. माझ्या रकान्यात चौकोन लुकलुकत होता.

फॉस्जीन हवेपेक्षा जड. सुटला की खाली बसतो. छताजवळच्या डोळ्याला अल्प दिसला, तर जमिनीलगत किती असेल? आणि हा वायू कपटी. नाकाला फारसा झोंबत नाही, माणूस चालत घरी जातो, जेवतो, पोरांशी बोलतो. मग काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरायला लागतं. पहाटेपर्यंत तो आपल्याच पाण्यात बुडतो.

मी विश्रामदादाला बोलावलं. "दादा, हातदिवा घे. भिंत खालून बघायचीय."

"सासूबायचे पाय चेपायचे काय आज?" तो हसला. पण दिवा घेऊन आला.

आत मोबाईल न्यायला बंदी होती, स्फोटाचा धोका म्हणून. हातदिव्याच्या छोट्या पडद्यावर थराचं चित्र दिसे, पण साठत नसे. कायद्याने फक्त निरीक्षकाच्या मोहरबंद यंत्रातली नोंद ग्राह्य होती. म्हणजे त्या दिवशी आम्ही जे पाहिलं ते फक्त आम्हा दोघांच्या डोळ्यांत राहिलं.

कंडेन्सरमागच्या अरुंद कोपऱ्यात मी शनिवारचा थर लावला. पडद्यावर भिंत पिवळीधमक झाली. छातीएवढ्या उंचीपर्यंत पिवळी. आणि त्या पिवळ्यात मधोमध एक काळी जागा. वायू जिथे पोचलाच नव्हता अशी जागा. आधी मला वाटलं पाइपची सावली. मग मी दिवा जवळ नेला.

खांदा होता. खांद्याखाली कोपरापर्यंत दंड. आणि वर, भिंतीला सपाट टेकलेला हात. खाली बसून नळीचा जोड उजव्या हाताने सोडवताना माणूस डावा हात भिंतीला टेकून जोर घेतो, तसा. तळवा इतका स्पष्ट होता की जणू आत्ताच उचललाय. अंगठा. त्याच्या शेजारचं बोट. मधलं बोट. पुढे काही नाही.

मी हातातला दिवा खाली केला नाही. विश्रामदादा माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"दादा, हा रुपेश."

तो म्हणाला, "व्हय."

तो 'व्हय' मी अडतीस वर्षं जपून ठेवलाय.

दुपारी मी वरच्या वाडीत गेले. पाष्ट्यांच्या अंगणात कापलेल्या भाताच्या पेंढ्या तशाच पडल्या होत्या, झोडायला माणूस नव्हतं. रुपेशची बायको समिधा ओटीवर बसली होती.

"परवा कामावरनं आले ते हसत आले," समिधा म्हणाली. "बोलले, कंपनीच्या मागे कोणी भात कापलंय काय गो? आतमध्ये पेंढ्याचा वास येत होता. मी बोलले, सगळीकडंच कापतायत, वास येणारच. चाय घेतली. रात्री खोकला लागला, तर बोलले, पेंढ्याची कुसं गेली असतील."

मी ओटीच्या कडेला बसले. फॉस्जीनचा वास अगदी ओल्या पेंढ्यासारखा येतो. पुस्तकात वाचलं होतं, दर वर्षी प्रशिक्षणात सांगतही होते. पण ऑक्टोबर महिन्यात, लवकर पिकणारं हळवं भात उभ्या गावात कापलं जात असताना, त्या वासाने आमच्याकडचं कोण दचकणार? दुसऱ्या कुठल्या मुलखातला माणूस पळाला असता. आमच्या माणसाला घर आठवलं.

"सुट्टी होती ना शनिवारी? मग गेला कसा?"

"कंपनीतनं बोलावणं आलं."

कोणी बोलावलं, हे मी विचारलं नाही. ठेकेदाराने बोलावलं असणार असं मी धरून चालले.

मी उठले तशी ती म्हणाली, "मॅडम, ह्या वेळी खरं लिवा. बोटांच्या वेळी लिवलात तसं नको."

बोटांची गोष्ट चार वर्षं आधीची, २०३४च्या ऑगस्टमधली. ओला माल गरगर फिरवून पिळून काढणाऱ्या यंत्राचं झाकण उघडं होतं आणि रुपेशचा हात आत गेला. सकाळी अकरा वीसला मीच त्याच्या हाताला पट्टी बांधली आणि मीच अर्ज लिहिला, जसं घडलं तसा. सोमण साहेबांनी सवयीने 'पाहिले' लिहून सही केली आणि मग वाचला. माझ्यावर ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "ह्या नावाचा माणूस आपल्याकडे आहे का, खातू?" मी गोंधळून बाहेर आले तर विश्रामदादा उभा होता. "बाय, खरं लिवलंस तर पयला त्यालाच काढतील. त्याच्या पोटावर पाय कशाला? घरात कोयती लागली असं लिव." हाताला भलंमोठं बँडेज बांधलेला रुपेशही त्याला दुसरा हात जोडून उभा होता. मी दुसरा अर्ज लिहिला. गवत कापताना कोयती लागून. मला तेव्हा वाटलं होतं, मी त्याच्यावर दया केली. पहिला अर्ज फाडायला हात धजावला नाही, म्हणून घरी शिवणाच्या डब्यात तळाशी ठेवून दिला.

मंगळवारी सकाळी मी 'बाधित व्यक्ती'च्या रकान्यात लिहिलं: रुपेश सदाशिव पाष्टे, मृत.

तासाभरात सोमण साहेबांनी बोलावलं. "कोण हा पाष्टे?"

"तुम्हाला माहीत आहे, साहेब."

"मला फक्त हजेरीपुस्तक माहीत आहे. शनिवारी कारखाना बंद होता. वायू थोडा सुटला, आम्ही मान्य करतो. भिंत सांगतेच आहे. पण माणूस कुठून आणलात तुम्ही?"

"भिंतीवर त्याचा हात आहे."

ते शांतपणे म्हणाले, "आठ दिवसांवर हजार आलाय, वृषालीबाई. चाळीस घरं आहेत. विचार करा." मला ते पहिल्यांदाच बाई म्हणाले.

जिल्ह्याच्या निरीक्षक नाझिमा मुकादम यांचा निरोप आला: दसऱ्यामुळे आणि इतर तालुक्यांतल्या कामामुळे शनिवारी नऊ तारखेला येते, तोपर्यंत तीन नंबरचा विभाग बंद ठेवा. मी विभागाला कुलूप घातलं. किल्ली ठेवायची सुरक्षा कार्यालयात, म्हणजे जिथे सोमण साहेबांचा हात पोचतो तिथे. तिथे ती मला नको होती. मी ती विश्रामदादाच्या हातात दिली.

"तू आणि मीच पाहिलंय, दादा. सांभाळ."

"तू नको काळजी करू," तो म्हणाला आणि किल्ली खिशात टाकून वरून खिसा दाबला. पहिल्या दिवशी हेल्मेटचा पट्टा ओढून बघितला होता तसाच.

गुरुवारी खंडेनवमी. कारखान्यातली ती पूजा मला दिवाळीपेक्षा प्यारी होती. यंत्रं धुऊनपुसून त्यांना हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. तीन नंबरच्या विभागाची एक स्वतःची रीत होती. पाटावर हेल्मेट, मास्क आणि हातमोजे मांडत आणि त्यांची पहिली पूजा माझ्या हातून करवीत. "शेप्टीचा मान," म्हणजे सेफ्टीचा, असं म्हणत. देवीची तसबीर दाराजवळच्या विटांच्या भिंतीवर असे. नोंदरंगाच्या भिंतीला हात लावायची मनाई, तिच्यावर खिळासुद्धा नाही.

त्या सकाळी ऋतुजा मला बोलवायला आली, जरीच्या साडीत. "आत्या, चला, सगळे थांबलेत."

"कुठे?"

"तीन नंबरला. बाबांनी उघडलंय."

माझ्या हातात तबक होतं. मी आत गेले. चाळीसेक माणसं, बायका, धुतलेले कपडे, अंगाला अत्तर. कंडेन्सर बाजूला सरकवला होता. त्यामागची भिंत, जमिनीपासून डोक्याच्या वर हात पुरेल तिथपर्यंत, गेरूने लालभडक सारवली होती. गेरू अजून ओला होता. खाली बादलीत घासून बोथट झालेले तारेचे ब्रश. आणि भिंतीवर मधोमध, खिळा ठोकून, देवीची तसबीर. झेंडूची माळ. पाटावर हेल्मेट, मास्क, हातमोजे.

विश्रामदादा तसबिरीशेजारी उभा होता. त्याचे हात कोपरापर्यंत लाल.

"देवी दारात बरी दिसत नव्हती," तो म्हणाला. आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू जावा असा. "कोपऱ्यात शोभते. व्हय ना रे?"

मी त्यांच्या तोंडांकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना. कुणी घासलं असेल, कुणी बादल्या आणल्या असतील. आणि ते सगळे माझ्या हातातल्या तबकाकडे बघत होते.

तबक आपटून मी बाहेर पडायला हवं होतं. आज मी कितीदा तरी मनात ते तबक आपटते. पण समोर देवी होती, ऋतुजा माझ्या पदराला लागून उभी होती, आणि सतरा वर्षांची सवय होती. मी हेल्मेटला कुंकू लावलं. मास्कला लावलं. आरती केली. माझा आवाज कुणाहून कमी नव्हता.

प्रसादाची वाटी देताना तो हळूच म्हणाला, "बाय, गेला तो काय येणार नाय. हितं चाळीस आहेत."

"तू व्हय म्हणालास, दादा."

"मी कायच नाय बोललो," तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाला प्रसाद दिला.

शनिवारी नाझिमाबाई आल्या. पन्नाशीच्या, पायात साधे बूट, यंत्राची पेटी स्वतःच उचललेली. बोलणं तुटक. भिंतीपुढे त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तसबीर काढायला सांगू?" मी विचारलं.

"काढून काय करू? घासलेल्या भिंतीत काय वाचणार?" तरी त्यांनी यंत्र लावलं. जिथे ब्रश फिरला होता तिथे काही नव्हतं, सगळे थर एकमेकांत मिसळलेले. त्या माझ्याकडे वळल्या. "हात तुमच्याशिवाय कोणी पाहिला?"

"विश्राम निवाते यांनी."

चौकशी सोमण साहेबांच्या खोलीत झाली. मी समिधालाही बोलावलं होतं, ती दाराशी स्टुलावर बसली.

"निवाते, तुम्ही भिंतीवर हात पाहिला?"

विश्रामदादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडमनी दाखवला काहीतरी. मला तर डागच दिसला. आमचे डोळे आता काय, साठीला आले."

"मग भिंत का रंगवलीत?"

"रंगवली नाय, सारवली. देवीचं होतं. चुकलं असेल."

सोमण साहेब हात जोडून म्हणाले, "अडाणी माणसं आहेत, बाई. श्रद्धेपुढे नियम राहत नाही. हवं तर भिंतीचा दंड करा. पण पाष्टे नावाचा माणूस या कारखान्यात कधीही आलेला नाही. एक कागद दाखवा."

तेव्हा स्टुलावरून समिधा उठली. "शनिवारी सकाळी आमच्या अंगणात उभं राहून ह्यांना हाक कोणी मारली, ते विचारा त्यांना." तिने बोट केलं. "बोलले, रुपेश, वायूची लाइन रिकामी आहे, तासाभराचं काम, जेवायला घरी येशील."

विश्रामदादाने मान वर केली नाही.

तेव्हा कुठे मला समजलं. चाळीस घरं होतीच. पण भिंतीवरच्या त्या हाताला तिथे टेकायला ज्याने पाठवलं, तो माझ्या मागे उभा राहून 'व्हय' म्हणाला होता. आणि मी किल्ली त्याच्याच खिशात ठेवली होती.

"बाईच्या शब्दाला पुरावा?" सोमण म्हणाले. "कागद दाखवा."

मी पिशवीतून शिवणाचा डबा काढला. गुंड्या, रिळं, सुयांची पुडी बाजूला केली. तळाशी चार घड्यांचा कागद होता. मी तो नाझिमाबाईंपुढे उलगडला. चौदा ऑगस्ट २०३४, सकाळी अकरा वीस, रुपेश सदाशिव पाष्टे, डाव्या हाताची दोन बोटं, यंत्राचं झाकण उघडं. खाली माझी सही. आणि कोपऱ्यात, हिरव्या शाईत, 'पाहिले'.

"हा तुमच्याकडे आलाच नाही," मी म्हणाले. "तुमच्याकडे आला तो कोयतीचा. तोही माझ्याच अक्षरात आहे. तो खोटा आहे."

नाझिमाबाईंनी कागद दोनदा वाचला. मग माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, हिशेब न लागल्यासारखं. "खातू, हे दिल्यावर तुमचं काय होणार, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"आणि ह्यांनी त्याला ओळखतच नाही म्हटलं नसतं, तर तुम्ही हा डबा उघडला असतात?"

मी गुंड्या आणि रिळं परत डब्यात भरली.

संध्याकाळी तरीकडे जाताना फाटकावर शिपाई शिडीवर चढला होता. नऊशे शहाण्णवमधले आकडे तो एकेक करून काढत होता. खाली माणसं उभी होती. मी गेले तशी ती बाजूला झाली. ऋतुजा त्यांच्यात होती. ती एवढंच म्हणाली, "आत्या, चार दिवस राहिले होते." तरीत पुढची फळी रिकामी होती. मी मागे उभी राहिले.

पुढे कुणाचं काय झालं ते सांगते, कारण लोक विचारतात.

संचालनालयाने ती घटना गंभीर म्हणून नोंदली: एक मृत्यू. सोमण साहेबांवर खटला चालला, सात वर्षं चालला, आणि निकाल लागायच्या आत ते पुण्यात वारले. त्यांच्या मुलीने मला एक पत्र पाठवलं होतं, ते मी उघडलेलं नाही.

नाझिमा मुकादम निवृत्त होण्याआधी नियम बदलून घेऊन गेल्या. आता यांत्रिक डोळा भिंत जमिनीपासून वाचतो, रोज वाचतो, आणि माणसाच्या आकाराची रिकामी जागा दिसली की परस्पर कळवतो. चांगलं झालं. नव्या कारखान्यांत 'बाधित व्यक्ती'चा रकाना भरायला आता कुणी लागत नाही.

समिधाला भरपाई मिळाली, उशिरा. तिने ती पेंढ्यांची जमीन विकली नाही. तिचा मुलगा आता बंदरावर क्रेन चालवतो. ती मला दर वर्षी नवे पोहे पाठवते, चिठ्ठी न घालता.

कंत्राटी चाळीस जण कायम झाले नाहीत. कारखाना दोन वर्षांनी बंद पडला. ऋतुजा गुजरातला गेली, तिथेच राहिली. तिच्या लग्नाला मला बोलावणं नव्हतं.

सुरक्षा अधिकाऱ्याचा माझा परवाना पाच वर्षांसाठी काढून घेतला. पाच वर्षांनी मी तो परत मागितला नाही. शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, मुलं चांगली होती.

भिंत घासल्याबद्दल विश्रामदादाला सहा महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर अकरा वर्षांनी, भाऊबीजेच्या दिवशी, तो माझ्या दारात आला. फार वाळला होता. मी पाट मांडला नाही, चहा केला. पूल कसा झालाय, खाडीत मासळी कशी राहिली नाही, गुडघे कसे धरतात, असं दोन तास बोलला. मी वाट बघत होते. उठताना त्याने भिंतीला हात टेकला, पाचही बोटं, आणि तो हात तिथेच थोडा वेळ राहिला. मग म्हणाला, "येतो, बाय." पुढच्या पावसाळ्यात गेला. तो 'व्हय' त्याने शेवटपर्यंत परत दिला नाही.

मी इथे खाडीच्या वरच्या अंगाला एकटी राहते. ऑक्टोबर लागला की वाऱ्यावर ओल्या पेंढ्याचा वास येतो. लहानपणी मला तो फार आवडायचा. आता वास आला की हातातलं काम टाकून मी आधी खिडकीशी जाते आणि शेतात खरंच कुणी भात कापतंय ना, ते बघून घेते.